धान टाका, तांदूळ घ्या

अर्जुनीच्या आमच्या घरात दोन विहिरी होत्या. एक अंगणात, खरी, उन्हाळ्यात तळाशी गढूळ होणारी. दुसरी पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेली, बांबूच्या कामट्यांची, वर कापड ताणून दगड रंगवलेले, दगडांच्या फटीत शेवाळ आणि एका फटीत बेडूक. माझे बाबा झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे आणि सेट रंगवत. धान कापून झालं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, नाटकं सुरू होतात, आणि बाबांना जेवायला फुरसत नसे. घरात बाराही महिने रंगात कालवायच्या सरसाचा वास. भाजीला फोडणी दिली तरी तो वास हटत नसे. माय म्हणायची, "कोचईच्या पानाच्या वड्याबी या घरात सरसाच्याच लागतेत." मी लहान असताना त्या रंगवलेल्या विहिरीत तांब्या टाकला होता म्हणे, तेव्हा बाबांनी मला कडेवर घेऊन समजावलं होतं की पोरी, नाटकातल्या विहिरीत पानी पाहाचं नसते, ते लोकाइनं पाहाचं असते. ही गोष्ट मी पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात गेले तेव्हा मला फार उपयोगी पडायला हवी होती, पण मला वाटलं तिथे तसल्या विहिरी नसतील.

मायच्या नावावर तिच्या बापाने दिलेल्या दोन बांध्या, म्हणजे धानाची शेतं होती. बाबा त्या बांध्यांकडे फक्त रंग म्हणून पाहत. पेरणी, रोवणी, कापणी सगळं मायच्या अंगावर. त्यातली मला आठवते ती उपणणी. मळणी झाली की खळ्यावर माय उंच तिवईवर उभी राहून सुपातून धान सोडायची, वारा भूस उडवून न्यायचा आणि धान खाली पडायचं. वारा असला तर. वारा पडला की माय सूप धरून तशीच उभी, खाली बाया बसलेल्या, कुणी तंबाखू मळते आहे, कुणी लाखोरीची डाळ शिजत टाकून आल्याची काळजी करते आहे. सगळ्यांचं लक्ष समोरच्या मोहाच्या झाडाकडे, पान हललं का. पान हललं की माय ओरडायची, "आला वं, उठा!" आणि सूप भरून वर जाईपर्यंत तो वारा सौंदड गावाच्या पुढे गेलेला असायचा. मला ते बघून मायची दया येत नसे, राग येत असे. एवढ्या शहाण्या बाईने झाडाच्या पानाकडे तोंड करून अर्धा दिवस बसावं, याचा राग.

म्हणून शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा मी उपणायचा पंखा निवडला. हाताने फिरवायचा, वीज नको, दोन बायांनी उचलून बांधीपर्यंत नेता येईल असा. गोंदियाच्या आमच्या कॉलेजात तोपर्यंत कुणी काही बनवल्याचं मला तरी आठवत नाही. तिथे बनवण्याची पद्धत नव्हती, रंगवण्याची होती. वर्कशॉपच्या मागे एक खोली होती, तिच्यात जुन्या पोरांची मॉडेलं पडलेली. एक पवनचक्की, एक उचलता पूल, एक दोन धरणं. दरवर्षी नवी पोरं ती बाहेर काढत, पुसत, त्यांच्यावर ऑइलपेंटचा नवा हात मारत, जुनी फाइल नव्याने टाइप करून घेत आणि परीक्षकापुढे उभी राहत. ती पवनचक्की आमच्या वर्षी हिरवी होती. खरवडली तर खाली निळी, तिच्या खाली लाल, आणि तिची पाती त्या रंगांच्या थरांनी इतकी जड झाली होती की वादळातसुद्धा फिरली नसती. तिला दरवर्षी पहिला वर्ग मिळे.

या सगळ्याचे कर्तेधर्ते आमचे विभागप्रमुख लांजेवार सर. माणूस सफारी घालायचा आणि मॉडेलवरून बोट फिरवायचा. तेवढंच करायचा. बोट गुळगुळीत सरकलं तर मॉडेल उत्तम, खरखरलं तर "फिनिशिंग नहीं है, बेटा." मॉडेल काय करतं हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. मॉडेलचं काम त्यांच्या लेखी एकच, टेबलावर बसणं. माझ्या गटात आणखी तीन मुलं होती. त्यांची नावं इथे देत नाही, कारण त्यांनी काहीच केलं नाही.

माझा पहिला पंखा बिस्किटाच्या खोक्याचा होता. तो फिरवला तर खोकाच वाकला, पण वाकायच्या आधी त्याने मूठभर भूस उडवलं आणि मला कळलं की वारा बाजूने घ्यायचा आणि तोंडातून सोडायचा. दुसरा तेलाच्या रिकाम्या पिप्याचा. त्याचं एक पातं रिबिट तुटून सुटलं आणि खळ्यावर बसलेल्या बायांच्या मधोमध जाऊन पडलं, तेव्हा बायांनी मला ज्या शिव्या दिल्या त्यांत माझ्या शिक्षणाचा खर्चही आला. पुढच्याने वारा इतका दिला की भुसाबरोबर धानही शेजारच्या खळ्यात. मग मी हवा आत येते त्या भोकावर कमीजास्त करता येईल अशी झडप बसवली. मग धान पडायची फट काडीकचऱ्याने बुजायला लागली, तर तिथे सरकती पट्टी. सायकलचं पायडल आणि चेन लावली तेव्हा कुठे एक बाई न दमता फिरवू शकेल असा तो झाला. प्रत्येक शनिवारी गाडीने घरी यायचं, रविवारी खळ्यावर मोडायचं, सोमवारी मोडकं घेऊन परत जायचं. गाडीतले लोक मला भंगारवाली समजत. मायला मोडण्याचं काहीच वाटत नसे. ती फिरवून पाहायची, काय बिघडलं ते सांगायची आणि म्हणायची, "आता पुढच्या इतवारले काय मोडशीन?"

आज या मोडून पुन्हा बनवण्याच्या प्रकाराला मोठी नावं आहेत. माझ्या भाच्याच्या कॉलेजात त्यासाठी वातानुकूलित खोली आहे, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवलेल्या आहेत, आणि एक यंत्र आहे जे प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवत वस्तू उभी करतं. मी मोठ्या आशेने पाहायला गेले होते. ते यंत्र दिवसभर कॉलेजच्या नावाच्या किल्लीच्या साखळ्या काढत होतं. पाहुण्यांना द्यायला. मलाही एक दिली. थरावर थर चढवण्याची कला आमच्या पवनचक्कीला आधीपासून येत होती, हे मी तिथल्या मॅडमना सांगितलं, तर त्यांनी ते कौतुक समजून लिहून घेतलं.

असो. माझा शेवटचा पंखा धड चालायला लागला तेव्हा तो दिसायला भयंकर होता. पिप्यावर अजून तेलाच्या कंपनीचं अर्धं चित्र, एक पाय लाकडी आणि तीन लोखंडी, आणि सगळीकडे माझ्या हातोडीचे ठोके. लांजेवार सरांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि बोट कापलं. त्यांनी रुमाल गुंडाळत विचारलं, "ये क्या है? कचरा?" मी म्हटलं, "सर, चालतो." ते म्हणाले, "चलने से क्या होता है? प्रदर्शन में नागपूर से पार्टी आ रही है."

ही नागपूरची पार्टी म्हणजे एक कारखानदार. लोखंडी कपाटं बनवायचे, आणि आता त्यांना शेतीची अवजारं काढायची होती. पोरांनी केलेल्यातलं एखादं पसंत पडलं तर ते कारखान्यात घेणार, असं सरांनी वर्गात सांगितलं तेव्हा मला झोप येईना. नोकरी, मार्क, वर्ग हे सगळं बाजूला राहिलं. तो माणूस माझा पंखा एकदा फिरताना पाहील आणि मग गावोगावच्या खळ्यांवर बाया झाडाच्या पानाकडे बघणं सोडून देतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तरुणपणी माणूस असा मूर्ख असतो, आणि मला त्या मूर्खपणाचा अजून अभिमान आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये गेले तर माझ्या टेबलावर माझा पंखा नव्हता. तिथे दुसराच उभा होता. आकार माझ्याच पंख्याचा, पण सागवानी रंगाचा, कडांना सोनेरी कागद, पोटावर कमळ, धान ओतायच्या तोंडाला पितळेची दिसणारी झालर. टेबलाला जमिनीपर्यंत मखमली कापड लावलेलं. मी जवळ जाऊन टिचकी मारली. पुठ्ठा आणि प्लायवूड. आत पातीच नव्हती. आणि डाव्या कोपऱ्यात, कमळाच्या देठाशी, एक छोटा पोपट होता. तो पोपट बाबा आपल्या प्रत्येक पडद्यावर काढत.

बाबा टेबलामागे उभे होते. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. सरांनी त्यांना निरोप पाठवला होता की तुमच्या मुलीच्या मशीनचं सुंदर रूप करून द्या, आर्टिस्ट म्हणून तुमचं नाव घेऊ. जन्मभर नाटकवाला म्हणून ज्याला गावातल्या मास्तरांनी ओट्यावर बसवलं नाही, त्या माणसाला कॉलेजच्या फाटकातून आत घेतलं होतं आणि खुर्ची दिली होती. त्यांनी ते सोंग पडद्यात गुंडाळून गाडीने आणलं होतं. मला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथेच किळस आली.

"पाय वं पोरी, नवरीसारखी सजवली तुयी मशीन," ते म्हणाले.

"बाबा, हे फिरत नाई."

"मी हावो ना खाली. तू फिकीर नको करू."

माझा पंखा त्या मागच्या खोलीत, पवनचक्कीच्या शेजारी ठेवला होता. साहेब लोकांच्या कपड्यांवर भूस उडेल म्हणून, असं सरांनी समजावलं. आणि बाबा, माझ्या डोळ्यांदेखत, धोतर सावरून मखमलीच्या मागे टेबलाखाली जाऊन बसले. नाटकात पाऊस पाडायला, चंद्र सरकवायला ते जसे बसत तसे.

पार्टी आली. कारखानदार, तपासणीला आलेले दोन डॉक्टरेटवाले, आमचे प्राचार्य. सरांनी टोपल्यातलं भूसमिश्रित धान मूठभर घेऊन वरच्या तोंडात टाकायला कारखानदारांना सांगितलं आणि स्वतः दांडा फिरवू लागले. आतून खटखट आवाज झाला, तो बाबा जिभेने काढत होते, मला तो आवाज पाळण्यातला माहीत होता. मग खालच्या तोंडातून, स्टीलच्या ताटात, स्वच्छ पांढराशुभ्र तांदूळ पडला.

तांदूळ. ज्याला धानाची ओळख नाही त्याच्यासाठी सांगते. पंखा उपणतो, म्हणजे भूस उडवतो आणि धान ठेवतो. धानावरचं टरफल काढून तांदूळ करायचा तर राइस मिल लागते. ज्या जिल्ह्यात गावागणिक मिल आहे, जिथे पोर चालायच्या आधी धान आणि तांदूळ ओळखतं, तिथे उभे असलेले ते सगळे लोक, दोन वेळ भात खाणारे, पुठ्ठ्याच्या पंख्यातून निघालेला तांदूळ पाहून टाळ्या वाजवू लागले. डॉक्टरेटवाल्यांपैकी एकाने दोन दाणे तोंडात टाकले. कारखानदार म्हणाले, "वाह! पॉलिश भी हो गया!" आणि माझ्या गटातली ती तीन मुलं पुढे सरकून फोटोला उभी राहिली.

मी मोठ्याने म्हटलं, "साहेब, हा पंखा आहे. मिल नाही. धानाचा तांदूळ पंख्यातून कसा होईल?"

सर हसले, "नर्व्हस है बच्ची." मी पुढचं ऐकायला थांबले नाही. मागच्या खोलीतून माझा पंखा ओढत आणला. त्याचा लाकडी पाय फरशीवर किंचाळत होता. टोपलं वर उपडं केलं आणि पायडल फिरवलं. भूस कारखानदारांच्या चष्म्यावर, सरांच्या सफारीवर, प्राचार्यांच्या उघड्या तोंडात गेलं, आणि माझ्या पायाशी धान पडलं. स्वच्छ, पिवळं, एक काडी नसलेलं धान. मी ते ओंजळीत घेऊन कारखानदारांपुढे धरलं.

त्यांनी चष्मा पुसला. ओंजळीत पाहिलं. मग त्या सोनेरी झालरीच्या सोंगाकडे पाहिलं आणि अगदी समजुतीने म्हणाले, "बेटा, आपने धान डाला, धान ही निकला. वो वाली मशीन तो चावल निकालती है."

दोन्ही डॉक्टरेटवाल्यांनी मान हलवली. माझ्या पंख्याच्या कागदावर "अपूर्ण" असा शेरा पडला आणि सोंगाला ढाल मिळाली. कारखानदारांनी ते सोंग मोजून नेलं, माप घेतलं म्हणजे, आणि पुढे त्या मापाने काही बनवलं असेल तर देव त्या गिऱ्हाइकाचं भलं करो. सोंग अजून त्या कॉलेजात काचेच्या पेटीत आहे. गेल्या वर्षी मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, तेव्हा एका तरुण प्राध्यापकाने मला ते दाखवून सांगितलं की हे आमच्या संस्थेचं पहिलं यशस्वी प्रोटोटाइप. पेटीवर तसं लिहिलंही आहे. मी विचारलं, काय करतं हे? तो म्हणाला, मॅडम, धानाचा तांदूळ. त्याचं आडनाव आमच्याच भागातलं होतं.

परतीच्या गाडीत बाबा आणि मी समोरासमोर बसलो. मधे माझा पंखा. हिरडामाली स्टेशन गेल्यावर मी एकच विचारलं.

"धान काऊन नाई टाकलं, बाबा? तांदूळ कायले?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. "धान मागच्या रांगेले दिसत नाई," ते म्हणाले. "पांढरं दिसते."

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. हे सहज लिहिते आहे, पण त्या घरात ते सोपं नव्हतं, कारण बाबा सारखे बोलणारे होते आणि उत्तर नसलं तरी बोलत. मायला मी सगळं सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे तांदळाची भाकर थापत होती. ती आधी नीट ऐकेना, मग ऐकलं, मग भाकर हातातच फाटली इतकी हसली. "पंख्यातून तांदूळ? मंग मिलवाले का गोट्या खेलून राहिले?" मग पडवीत बसलेल्या बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इतकी वर्सं भात खाऊन राहिला हा मानूस, धान कसं निंघते ते नाई माहीत." बाबा त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसले. ब्रश पाण्यात तसाच राहिला आणि त्याचे केस वाकडे झाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

पंखा मात्र खळ्यावर गेला. त्या हंगामात वारा पडला की शेजारपाजारच्या बाया मायकडे येत. रांग लागे. ज्यांनी मला शिव्या दिल्या होत्या त्याच पायडल फिरवत आणि माझ्यासमोर माझ्याच यंत्रातल्या खोडी काढत. मी कॉलेजचं नाव काढत नव्हते आणि बाबांकडे पाहत नव्हते.

मंडईचे दिवस जवळ आले. एका दुपारी बाबा खळ्यावर आले. ते तिथे कधीच येत नसत. धोतर वर धरून, भुसात पाय बुडू नये म्हणून उड्या मारत आले आणि मायशी बोलल्यासारखं माझ्याशी बोलले. नव्या नाटकात वादळ आहे. आजवर वादळ म्हणजे ते पडद्यामागे पत्रा हलवायचे आणि एक जण वरून वाळली पानं टाकायचा. "यावर्सी खरी हवा पायजे," ते म्हणाले. "पोरीची मशीन एक दिवस देशीन का?"

"नाई," मी म्हटलं. मीच बोलले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तुमचं काम पुठ्ठ्याचं. पुठ्ठ्याची हवा करा."

माय म्हणाली, "दे वं. इथं वारा आहे आज." खरंच मोहाची पानं हलत होती.

तालमीचा मांडव गावाबाहेर, कापलेल्या बांधीत उभा होता. भरदुपारी रिकामा, नुसत्या तट्ट्या आणि दोर. रंगमंचावर खलनायक आणि नायिका घाम पुसत उभे. दुसऱ्या कुणी पायडल फिरवावं हे मला पटेना, म्हणून मी स्वतःच विंगेत बसले. झडप पूर्ण उघडली. बाबांनी खूण केली आणि मी फिरवायला सुरुवात केली. आधी पिप्यात राहिलेलं भूस निघालं, ते नायिकेच्या तोंडावर. मग हवा. राजवाड्याचा पडदा पोटुशी बाईसारखा फुगला, खांब हलले, आणि खलनायकाची अर्धी मिशी उडून हार्मोनियमवर बसली. तो ओरडला, "अबे, थांबव!" मी थांबले नाही. प्रदर्शनातल्या सगळ्या गाढवांचा राग त्या पायडलात होता.

बाबा रंगमंचावर नव्हते. मी मान वर केली तर ते मांडवाच्या पार टोकाला, जिथे लोक फाटकाबाहेरून फुकट पाहायला उभे राहतात, तिथे जाऊन उभे होते. आपल्या दुपट्ट्याचं टोक त्यांनी दोन बोटांत वर धरलं होतं आणि ते त्याच्याकडे टक लावून पाहत होते, जशी माय मोहाच्या पानाकडे पाहायची तसे. मी आणखी जोराने फिरवलं. चेन करकरली. ते टोक आधी नुसतं लोंबत होतं. मग हललं.

"पोचली!" बाबा तिकडून ओरडले, आणि त्यांचा आवाज फुटला. "मागच्या रांगेवर पोचली वं पोरी!"